छोट्या गावाचं भूगोल-लोकसंख्या टिपण कसं तयार करावं: शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या गावांसाठी

गावाची माहिती मागितली की बहुतेक ठिकाणी ठरलेल्या ओळी मिळतात. पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो, हिवाळ्यात थंडी असते, शेती हा मुख्य व्यवसाय आहे, लोक कष्टाळू आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाखाली ही वाक्यं चिकटवता येतात, त्यामुळे त्यांचा उपयोग कुणालाच होत नाही. ग्रामपंचायत विकास आराखडा करायचा असो, नळपाणी योजनेचा प्रस्ताव असो की कॉलेजचा प्रकल्प, लागतं ते तीन-चार पानी टिपण: गाव नेमकं कुठे, जमीन किती आणि कसली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, माणसं किती आणि ती कोणत्या महिन्यात घरी असतात.

पुढे सांगितलेल्या सगळ्या कामात एक पथ्य पाळायचं. गावाचा कोणताही आकडा लिहिताना तो कोणत्या हद्दीचा आणि कोणत्या तारखेचा, हे त्याच ओळीत लिहायचं. गावाबद्दलचे निम्मे वाद या दोन गोष्टी न लिहिल्यामुळे होतात.

हद्द आधी, आकडे नंतर

आपल्या बोलण्यात "गाव" तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतात. पहिलं महसुली गाव, म्हणजे सातबाऱ्यावर जे "मौजे" म्हणून येतं ते. त्याला नकाशा असतो, शिव असते, गट किंवा सर्व्हे नंबर असतात. दुसरी ग्रामपंचायत. शहापूर-मुरबाडकडे गट ग्रामपंचायती पुष्कळ आहेत, एका पंचायतीत दोन, तीन, कधी पाच महसुली गावं. तिसरा पाडा किंवा वाडी: ठाकूरवाडी, कातकरवाडी, डोंगराजवळचा एखादा दहा घरांचा पाडा. त्याला बहुधा स्वतंत्र महसुली नकाशा नसतो, पण तिथल्या माणसाला विचारलंत तर त्याचं "गाव" तेच.

जनगणना आकडे देते ते महसुली गावाचे. पंचायतीच्या फलकावरची लोकसंख्या सगळ्या गावांची बेरीज असते. आरोग्य सेविकेकडचा आकडा उपकेंद्राच्या हद्दीचा असतो. हे तिन्ही एकाच टिपणात न सांगता आले की गाव कागदावर दुप्पट होतं. म्हणून पहिल्या पानावर तीन नावं लिहा: महसुली गाव, ग्रामपंचायत, आणि महसुली गावातले सगळे पाडे. पाड्यांची यादी कार्यालयात बसून करू नका, दूधवाला, आशा ताई आणि शाळेतले गुरुजी या तिघांना वेगवेगळं विचारा. एखादा पाडा तिघांपैकी एकाच्याच तोंडी येतो, आणि तोच सहसा सगळ्या योजनांतून सुटलेला असतो.

शहापूर तालुका पूर्ण आणि भिवंडी, मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करता येतं आणि त्याची वेगळी ग्रामसभा होते. असं झालं असेल तर त्या जाहीर गावाची हद्द महसुली हद्दीशी जुळते का, ते पाहून नोंदवा.

नावाचा घोळ इथेच मिटवून टाका. खुर्द, बुद्रुक, "तर्फे" अशी शेपटं गाळू नका, एका तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असू शकतात. रोमन लिपीतल्या स्पेलिंगवर तर विसंबूच नका. जनगणनेत एक, सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर दुसरं आणि एसटीच्या पाटीवर तिसरं. खात्रीचा धागा म्हणजे कोड. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७, ठाणे जिल्ह्याचा ५१७ आणि प्रत्येक गावाला सहा आकडी स्वतंत्र कोड आहे. तो एकदा शोधून पहिल्या पानावर लिहिला की पुढचे सगळे तक्ते त्याच कोडने जुळवता येतात.

आणखी एक खड्डा: १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या तक्त्यांत "ठाणे" म्हणजे पंधरा तालुक्यांचा जुना जिल्हा, एक कोटी दहा लाखांवर वस्तीचा. आजचा ठाणे जिल्हा सात तालुक्यांचा: ठाणे, कल्याण, भिवंडी, अंबरनाथ, उल्हासनगर, मुरबाड, शहापूर. गावाची तुलना जिल्ह्याच्या सरासरीशी करायची तर या सात तालुक्यांची बेरीज स्वतः करावी लागते. खरं तर करूच नये. मुरबाडच्या डोंगराखालच्या गावाची ठाणे शहर मिसळलेल्या सरासरीशी काय तुलना? तालुक्याच्या ग्रामीण आकड्याशी करा.

कुठून काय मिळतं

जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरून जिल्हा जनगणना पुस्तिका घ्या. तिचे दोन भाग: एकात गावनिहाय सोयी आणि जमीनवापर, दुसऱ्यात प्राथमिक गोषवारा म्हणजे कुटुंबं, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे. हे दोन्ही फुकट आहेत.

ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (लोक अजून तलाठीच म्हणतात) गाव नमुन्यांची दप्तरं असतात. आपल्या कामाचे नमुने पाच. गाव नमुना एक म्हणजे आकारबंद, त्यात गावाचे सगळे गट, त्यांचं क्षेत्र आणि आकार (म्हणजे शेतसारा). एक-अ मध्ये वनजमीन. एक-ब मध्ये सरकारी, कुणाच्या भोगवट्यात नसलेली जमीन. नमुना तेरा लोकसंख्या आणि जनावरांचा. नमुना चौदा गावाच्या पाणीपुरवठ्याच्या साधनांचा. शेवटचे दोन कुणी मागत नाही, त्यामुळे ते अद्ययावत नसण्याची शक्यता धरून चाला. पण जुनी नोंद असेल तर तीही मोलाची, तारखेसह उतरवून घ्या.

ग्रामपंचायतीत नमुना आठ बघा, घरांच्या आकारणीची नोंदवही. तिच्यातून घरांची संख्या कळते, कुटुंबांची नाही. जन्म-मृत्यूची नोंदही पंचायतीतच होते. अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर आणि आशा ताईंची कुटुंब नोंदवही हे सगळ्यांत ताजे कागद, कारण ते माणसांच्या दारात जाऊन लिहिलेले असतात. शाळेचं जनरल रजिस्टर मुलांच्या जन्मतारखांसाठी.

नकाशांसाठी दोन जागा. गटांचा नकाशा सरकारच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर मिळतो. डोंगर-ओढ्यांचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ओपन सिरीजमधला, १:५०,००० प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतराने असतात. जुन्या क्रमांकात शहापूर-मुरबाडचा भाग ४७ ई या मालिकेत येतो. या नकाशांवर समृद्धी महामार्ग सापडला नाही तर गोंधळू नका. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ मध्ये खुला झाला, नकाशे त्याआधीचे असू शकतात. रस्ते उपग्रह चित्रावरून तपासा, डोंगर आणि ओढे नकाशावरून.

स्थान आणि चढउतार

अक्षांश-रेखांश गावठाणाच्या मध्यावर घ्या, देऊळ किंवा शाळेपाशी, आणि कुठे उभं राहून घेतले ते लिहा. दशांशानंतर चार आकडे पुरतात, तेवढ्यात दहा-अकरा मीटरची अचूकता येते. मोबाईल सहा-सात आकडे दाखवतो, पण त्याला तेवढं कळत नसतं. शहापूर-मुरबाडचं गाव असेल तर अक्षांश १९ च्या आणि रेखांश ७३ च्या घरात पडला पाहिजे. ७२ आला तर किनाऱ्याकडच्या त्याच नावाच्या दुसऱ्या गावावर बोट पडलंय.

उंचीसाठी मोबाईलचं ऐकू नका, ती तीस-चाळीस मीटरने सहज चुकते. समोच्च रेषांवरून तीन उंची काढा: गावठाणाची, शिवेतल्या सर्वांत उंच जागेची, आणि ओढा शिवेबाहेर पडतो तिथली. या तीन आकड्यांतून गावाचा सगळा स्वभाव दिसतो. फरक चाळीस मीटरचा असेल तर भातखाचरांचं सपाट गाव. तीनशेचा असेल तर वर वन, मध्ये वरकस म्हणजे उताराची जमीन, खाली खाचरं अशी उतरंड, आणि पाणी थांबत नाही ही तक्रार नक्की.

मग पाणलोट. शहापूरच्या एका अंगाचं पाणी तानसेतून वैतरणेला जातं, दुसऱ्या अंगाचं भातसेतून उल्हास नदीला. मुरबाडचं काळू आणि बारवीवाटे उल्हासलाच. गावातला ओढा कोणत्या नदीला मिळतो ते नकाशावर बोट फिरवून शेवटपर्यंत पाहा. गाव दोन पाणलोटांच्या माथ्यावर असेल तर ते ठळक लिहा, विहिरींचं पुष्कळ कोडं तिथेच सुटतं.

अंतर द्यायचं तर रस्त्याचं द्या, आणि कशापासूनचं ते सांगा. तहसील कचेरी, जवळचं रेल्वे स्थानक, प्राथमिक आरोग्य केंद्र, माध्यमिक शाळा, आठवडी बाजार. शहापूरला स्थानक आसनगावचं, मुरबाडला रेल्वेच नाही. सोबत पावसाळ्यातलं अंतरही लिहा: ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली गेला की चार किलोमीटरचे अकरा होतात, आणि बाळंतपणाच्या वेळी मोजलं जातं ते हे अंतर.

जमीन

एकूण क्षेत्र दोन ठिकाणी मिळतं, आकारबंदात आणि जनगणना पुस्तिकेत. ते जुळलं नाही तर दचकू नका. मुख्य कारण वन: काही गावांत राखीव वन गावाच्या क्षेत्रात धरलेलं असतं, काहींत वेगळं. दुसरं कारण धरणाखाली किंवा महामार्गात गेलेली जमीन. दोन्ही आकडे लिहा, फरक लिहा, कारण कळलं तर तेही. सरासरी मात्र काढू नका.

एककं: १ हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २.४७ एकर. १ एकर म्हणजे ४० गुंठे. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे (१ गुंठा १०१.१७ चौरस मीटर), म्हणून गावात दोन्ही एकच समजतात, एका खाचराला चालतं, पण तीनशे हेक्टरांच्या बेरजेत साडेतीन हेक्टरांचा फरक पडतो. सातबाऱ्यावर ०.४५.५० असं दिसलं तर ते हेक्टर-आर-चौरस मीटर, दशांश अपूर्णांक नव्हे.

जमिनीचे प्रकार पुस्तिकेत नऊ रकान्यांत असतात: वन, बिगरशेती, नापीक, कुरण, झाडझुडूप, लागवडयोग्य पडीक, चालू पड, इतर पड, निव्वळ पेरणी. आपल्या भागात याच्या जोडीला गावची विभागणी द्यावीच लागते, नाहीतर चित्र उभं राहत नाही. खाचर म्हणजे बांध घातलेली भातजमीन. वरकस म्हणजे उताराची, नागली-वरईची. माळ. आणि वनहक्काखाली मिळालेले प्लॉट, जे सातबाऱ्याच्या बेरजेत दिसतीलच असं नाही. त्यांची यादी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे असते. भातानंतर खाचरात काय होतं हा प्रश्न विसरू नका. ओलाव्यावर वाल-हरभरा होतो, की विहिरीवर भेंडी-काकडी, की खाचर जूनपर्यंत उघडंच पडतं, यावर माणसं गावात राहतात की बाहेर जातात ते ठरतं. लोकसंख्येचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पाणी: दोरी घेऊन जा

पाऊस किती, याला जिल्ह्याची सरासरी देऊ नका. महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. आपलं मंडळ निवडा, निदान पाच वर्षांचे जून ते सप्टेंबरचे आकडे काढा. त्यांतला सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त असे दोन्ही लिहा.

आता एक हिशेब मांडून बघा. समजा गाव ३१८.४ हेक्टरांचं आणि पाऊस २,५०० मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. गावाच्या शिवेत पडलं सुमारे ८० लाख घनमीटर. गावात ७४२ माणसं, माणशी रोज ५५ लिटर (जलजीवन मिशनचा निकष) धरलं तर रोज ४०,८१० लिटर, वर्षाला पंधरा हजार घनमीटरही नाही. तरी एप्रिलमध्ये टँकर लागतो. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर ही गत. कारण खडकात आहे: काळा बेसॉल्ट, वर मातीचा पातळ थर, तीव्र उतार. पाणी मुरायला जागा फक्त भेगांत आणि मुरुमाच्या थरात, ती भरली की बाकीचं ओढ्याला.

म्हणून विहिरींचा तक्ता हा भूगोलाच्या भागातला सर्वांत कामाचा कागद. प्रत्येक विहिरीपाशी जा. पंधरा मीटर सुतळी, टोकाला वजन, दर अर्ध्या मीटरला गाठ आणि दर पाच मीटरला रंगीत चिंधी. आधी कठड्याची जमिनीपासूनची उंची मोजा. मग वजन पाण्याला टेकेपर्यंत सोडा आणि कठड्याच्या काठापाशी सुतळी चिमटीत धरा: ही झाली पहिली मोजणी. तिच्यातून कठड्याची उंची वजा करा. ही वजाबाकी राहून गेली की एका वर्षी कठडा नवा बांधल्यावर पाणी अर्धा मीटर "खाली गेलेलं" दिसतं. मग वजन तळाला टेकवा. कठड्याच्या काठापासूनच्या या दोन मोजण्यांतला फरक म्हणजे पाण्याची उंची.

विहिरीचा व्यास पाच मीटर आणि पाणी एक मीटर असेल तर साठा सुमारे १९,६०० लिटर. एवढ्यात वरच्या हिशेबातल्या गावाची अर्ध्या दिवसाचीही गरज भागत नाही. पण साठ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे भरणं: संध्याकाळी उपसा थांबल्यावर मोजा, पहाटे पहिली कळशी भरण्याआधी पुन्हा मोजा. रात्रीत पाणी किती चढलं त्यावरून विहीर मे काढणार की नाही ते समजतं.

मोजणी कधी? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तेच महिने धरा म्हणजे तुलना होईल. चारही जमले नाहीत तर ऑक्टोबर आणि मे सोडू नका. हातपंप, झरे, ओढ्यातले झिरे यांना तक्त्यात एक रकाना ठेवा: "पाणी कोणत्या महिन्यापर्यंत". उत्तर विचारायचं ते पाणी भरणाऱ्या बाईला. पुरुष "उन्हाळ्यात आटतं" म्हणतात, बाया "होळीनंतर पंधरा दिवस" असं सांगतात.

जनगणनेच्या आकड्यांचं गणित

समजण्यापुरतं एक काल्पनिक गाव घेऊ. कुटुंबं १६४, लोकसंख्या ७४२, पुरुष ३८१, स्त्रिया ३६१, ० ते ६ वयाची मुलं ९६ (मुलगे ५०, मुली ४६), अनुसूचित जमाती ४०३, साक्षर ४५२, काम करणारे ३७८, त्यात मुख्य २४१ आणि सीमांतिक १३७. क्षेत्र ३१८.४ हेक्टर.

घनता: ३१८.४ हेक्टर म्हणजे ३.१८४ चौरस किलोमीटर, ७४२ भागिले ३.१८४, उत्तर २३३. लिंग गुणोत्तर: हजार पुरुषांमागे स्त्रिया, ३६१ भागिले ३८१ गुणिले १०००, म्हणजे ९४८. कुटुंबाचा आकार ४.५. अनुसूचित जमातीचा वाटा ५४.३ टक्के.

साक्षरतेत हमखास चूक होते. साक्षरतेचा दर सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांवर काढतात. ७४२ मधून ९६ वजा, राहिले ६४६. ४५२ भागिले ६४६ म्हणजे ७० टक्के. सरळ ७४२ ने भागलं तर ६०.९ येतात आणि गाव फुकट नऊ टक्क्यांनी मागासतं. राज्याचा ८२.३ टक्क्यांचा आकडाही सात वर्षांवरचाच आहे, त्यामुळे तुलना त्याच पद्धतीने हवी.

मुलांचं लिंग गुणोत्तर काढाल तर ९२० येईल. त्यावरून निष्कर्ष काढायची घाई करू नका. दोन मुली जास्त जन्मल्या असत्या तर तेच ९६० झालं असतं. शंभराच्या आतल्या संख्येवर गुणोत्तर देण्यापेक्षा "५० मुलगे, ४६ मुली" असं सरळ लिहावं. फारच तर पंचायतीच्या जन्मनोंदीतून दहा वर्षांची बेरीज घ्या.

सीमांतिक कामगार म्हणजे वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेले. इथे ३७८ पैकी १३७, म्हणजे ३६ टक्के. हा आकडा मोठा असला की समजा गाव एका पावसाच्या पिकावर आहे.

दहा वर्षांची वाढ काढण्याआधी दोन्ही जनगणनांत गावाची हद्द तीच होती का ते पाहा. वस्ती अचानक निम्मी झाली तर साथ नव्हे, पाडा दुसऱ्या गावाच्या कोडाखाली गेलेला असतो. आणि गाव यादीतून गायबच झालं असेल तर ते जनगणना शहर झालं का ते तपासा: वस्ती ५,००० च्या वर, घनता चौरस किलोमीटरला ४०० च्या वर आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के बिगरशेतीत. भिवंडी, कल्याणच्या कडेची बरीच गावं पंचायत असूनही असं शहर झाली आहेत.

फेब्रुवारीतलं गाव आणि ऑगस्टमधलं गाव

२०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, संदर्भ क्षण १ मार्चची मध्यरात्र. जो माणूस या पूर्ण काळात घरी नव्हता त्याची नोंद घरी होत नाही, तो जिथे सापडेल तिथे होते. देशाच्या बहुतेक भागांत फेब्रुवारी हा सोयीचा महिना. आपल्याकडे नाही. दिवाळी उरकली की कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात: भिवंडी, कल्याण, वसईकडे. मुलाबाळांसकट जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे गणनेच्या दिवसांत पाडा ओस आणि भट्टीचं गाव फुगलेलं. पाड्याच्या गावाची लोकसंख्या कमी लागते, त्यावर टँकरच्या खेपा, अंगणवाडी, सगळ्याचा हिशेब होतो. आणि जूनमध्ये माणसं परत आली की कशालाच पुरत नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, त्यामुळे हा प्रश्न तसाच येणार.

आपल्या गावात हे झालंय का ते ताडून बघण्याची सोपी युक्ती अंगणवाडीच्या रजिस्टरात आहे. फक्त एक दुरुस्ती करा: जनगणनेत ० ते ६ म्हणजे सातवं वर्ष पूर्ण न झालेली मुलं, अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंतची. म्हणून जनगणनेच्या आकड्याला ७ ने भागून ६ ने गुणा: ९६ चे ८२. त्याच काळातल्या अंगणवाडीच्या यादीत ११० मुलं असतील तर अठ्ठावीस मुलं, म्हणजे त्यांच्या मागची वीसेक कुटुंबं, गणनेच्या वेळी गावात नव्हती असा अंदाज बांधायला जागा आहे. उलट यादीत ६० च असतील तर गावात भट्टी किंवा मोठं बांधकाम चालू होतं का ते विचारा.

स्वतःची मोजणी

जुन्या आकड्याला वाढीचा दर लावून आजची लोकसंख्या काढण्याचा मोह टाळा. तालुक्याला ते चालतं. सातशे वस्तीच्या गावात दहा कुटुंबं बदलापूरला राहायला गेली की सगळा दर खोटा ठरतो. दीडशे घरं मोजणं अवघड नाही. दोघांची जोडी दिवसाला पंचवीस-तीस घरं नीट करते.

मोजणी वर्षातून दोनदा. एक लावणी उरकल्यावर पण गणपतीच्या आधी. गणपतीत मुंबई-डोंबिवलीची माणसं येतात आणि प्रत्येक घर भरलेलं दिसतं. दुसरी फेब्रुवारीत, होळी सोडून. आठवडी बाजाराचा दिवस आणि गावची जत्रा टाळा. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा.

कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर दोन कुटुंबं. शिधापत्रिका एक असली तरी. प्रत्येक कुटुंबाची एक ओळ, त्यात पाडा, घर क्रमांक, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांच्या आतले, साठच्या वरचे. पुढे तीन रकाने: सध्या घरी, हंगामी बाहेर (कुठे, कोणत्या महिन्यात गेले), आणि सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेले. शेवटचे बेरजेत धरायचे नाहीत, पण लिहायचे. मुलगा ठाण्यात खोली घेऊन राहतो आणि आई त्याला घरचाच मोजते, तिच्याशी वाद घालण्यापेक्षा रकाना असलेला बरा. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि आलेल्या सुना यांची दुहेरी नोंद इथेच पकडली जाते.

कुलूप दिसलं की "रिकामं" लिहू नका. शेजारी विचारा: भट्टीवर गेलेत, शेतावरच्या झोपडीत आहेत, की घर सोडलंय? तीन वेगळ्या खुणा ठेवा. वय विचारल्यावर पाचाच्या पटीतली उत्तरं येतात, चाळीस, पंचेचाळीस, पन्नास; मुलांचं वय मात्र अंगणवाडी किंवा शाळेच्या नोंदीवरूनच घ्या. आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक मागू नका, गरज नसते. मोजणीच्या वहीत नावं असली तरी लोकांना वाटायच्या टिपणात फक्त पाड्याची बेरीज जावी. पाच घरांच्या आतल्या पाड्याची जातनिहाय विभागणीही छापू नका, कोण ते लगेच कळतं.

मोजणी झाल्यावर मतदार यादीशी जुळवणी करा. यादीत अठरा वर्षांवरचेच असतात, आणि बाहेर गेलेल्यांची, वारलेल्यांची नावंही राहिलेली असतात. म्हणून यादी लोकसंख्येचा पुरावा नाही. पण तुमच्या मोजणीत एखादं आडनावच आलं नसेल तर पाडा सुटला हे यादी सांगते.

नवी मुंबईतल्या गावांचं वेगळं

घणसोली, तळवली, गोठिवली, दिवाळे, करावे यांसारखी गावं महापालिकेत आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ पासून. त्यामुळे अलीकडच्या जनगणनेत या गावांचा वेगळा आकडा नाही, प्रभागाचा आहे, आणि प्रभागात गावठाणाशेजारचे सेक्टरही येतात. इथे दोन गोष्टी करता येतात. १९७१ आणि १९८१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकांतून गावाची तेव्हाची वस्ती, क्षेत्र आणि काम करणाऱ्यांची विभागणी काढायची; मिठागर, मासेमारी, भातशेती यांचा जुना नकाशा त्यातून उभा राहतो. आणि आजची मोजणी गावठाणाच्या जुन्या नकाशाची रेघ धरून करायची, मूळची कुटुंबं आणि भाडेकरू असे दोन वेगळे रकाने ठेवून. गावठाणात घरापेक्षा मजला महत्त्वाचा, म्हणून घर क्रमांकाबरोबर मजलाही लिहा, नाहीतर एका "घरात" तेवीस माणसं दिसतील.

टिपण लिहिताना

क्रम साधा ठेवा: ओळख आणि कोड, स्थान, चढउतार, जमीन, पाणी, लोकसंख्या, ये-जा, सोयी. सोयींमध्ये "आहे/नाही" पुरत नाही; आरोग्य उपकेंद्र आहे, पण सेविका कोणत्या वारी येते? आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, सपाटीवर ५,००० मागे. आपलं गाव कोणत्या निकषात बसतं तेही लिहा.

प्रत्येक तक्त्याखाली हद्द, तारीख आणि कागद: "महसुली गाव, १ मार्च २०११, जनगणना", "पाचही पाडे, ऑगस्टची घरोघर मोजणी". दोन आकडे भांडत असतील तर भांडू द्या, दोन्ही छापा. तयार झालेलं टिपण ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, खास करून पाड्यांची नावं आणि विहिरींचे महिने. हरकती तिथेच येतात, त्या वहीत घ्या, दुसऱ्या दिवशी त्या विहिरीवर पुन्हा सुतळी टाका. एक प्रत शाळेत आणि एक पंचायतीत ठेवा, आणि घरोघरच्या मोजणीची मूळ वही आशा ताईंच्या हाती द्या. पुढच्या फेब्रुवारीत ती उघडली जाईल ती बहुधा तिथेच.